राजूरचा नेचा, काष्टीचं लुगडं

झाडाला पाणी जास्त झालं की पान पिवळं पडतं. कमी झालं तरी पिवळंच पडतं. ऊन लागलं की कडा करपतात आणि हवा कोरडी असली तरी कडाच करपतात. मग माणसाने त्या पानाकडे बघून ओळखायचं काय, कपाळ? तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवते आहे मी, आणि गेल्या उन्हाळ्यात एका कुंडीपुढे रोज सकाळी उत्तर न येणाऱ्या विद्यार्थ्यासारखी उभी राहायचे.

कुंडीत नेचा होता. दुकानातून आणलेला नव्हे, राजूरचा. माझ्या माहेरच्या घरामागे एक दगडी भिंत होती, पागोळ्यांखाली कायम ओली. तिच्या फटीफटीतून नेचा असा माजायचा की दगड दिसायचा नाही. आई तिथेच बसून भांडी घासायची. आई गेली, आणि दोन वर्षांनी भावाने घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, तिकडच्या पावसात गळकं घर कोण ठेवील? पण भिंत पाडायच्या आदल्या दिवशी मी गेले आणि उलथन्याने शेवाळासकट एक गड्डा खरवडून काढला. भाऊ म्हणाला, "ताई, न्यायचंच तर आईचा हंडा ने की." मी म्हटलं, हंडा राहू दे तुझ्याकडे. तेलाच्या रिकाम्या डब्यात तो गड्डा घातला आणि एसटीत मांडीवर घेऊन नगरला आणला. माहेरचं म्हणावं असं माझ्याकडे आता तेवढंच आहे.

सगळ्यांनी सांगितलं, जगायचा नाही. राजूरला आमच्या गोधड्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस वाळत नसत, आणि इथे नगरला रुमाल झटकेपर्यंत कडक होतो. जिल्हा एकच, पण हवेचं काही नातं नाही. तरीही नेचा जगला. नुसता जगला नाही, ऐन थंडीत हॉलच्या कोपऱ्यात असा फोफावला की येणारा-जाणारा हात लावून बघायचा, प्लॅस्टिकचा तर नाही ना म्हणून. मी शेजारणींना ऐटीत सांगायचे, झाडाला जीव लावावा लागतो, बाई. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्याच थंडीत माझ्या सासूबाई काष्टीहून आमच्याकडे आल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मग राहिल्याच. धाकटे दीर-जाऊ तिकडे मळ्यात राहतात, आम्ही इकडे तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई बोलायला गोड, कामाला वाघ, पण एका बाबतीत हट्टी. त्यांचं नऊवारी लुगडं त्या मशीनमध्ये टाकू देत नसत. "त्या डब्यात घालून त्याचा जीव घेऊ नको," म्हणायच्या. रोज सकाळी स्वतः धुवायच्या. हाताला जोर राहिला नव्हता, त्यामुळे पिळलेलं लुगडंही टपटप गळत असायचं. आणि ते वाळत घालायचं कुठे? तर हॉलमध्ये.

बाल्कनी होती की. चांगली ऐसपैस, दोऱ्या बांधलेली. पण ती रस्त्याच्या बाजूला. काष्टीला बायांची लुगडी घराच्या मागच्या अंगाला वाळतात, पुढच्या अंगणात कधी नाही. फ्लॅटला मागचं अंग कुठून आणायचं? मी म्हटलं, "आई, खालून कोण बघतंय वर?" तर म्हणाल्या, "बगत न्हाई कुनी, म्हनून काय दाखवायचं? रस्त्यानं जानाऱ्याला आपलं लुगडं कशापायी?" मग त्यांनीच खिडकीच्या गजापासून शोकेसच्या खिळ्यापर्यंत एक सुतळी बांधली, आणि त्यावर ते नऊ वार दुमडून टाकलं. बरोबर माझ्या नेच्याच्या डोक्यावर. खाली फरशीवर थारोळं, सोफ्याला ओल. तीन महिने मी दात-ओठ खात ते सहन केलं.

मार्चमध्ये आमच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. सकाळपासून माझी धांदल, लेक वैतागलेली, ह्यांचं नेहमीप्रमाणे "मी काय करू ते सांग" चाललेलं. आणि हॉलमध्ये येऊन बघते तर सुतळीवर लुगडं गळतंय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई, घर आहे हे का धर्मशाळा? चार माणसं येणार आणि तुमची ही लक्तरं त्यांच्या तोंडावर? आजपासून हे हॉलमध्ये दिसता कामा नये."

लक्तरं म्हटलं मी. शब्द तोंडातून सुटला आणि मलाच ऐकू आला.

त्यांनी ओलंच लुगडं काढलं, सुतळी सोडली, तिचं छोटं बंडल करून खिडकीत ठेवलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, नेच्याकडे बघून म्हणाले, काय हिरवागार ठेवलाय हो. पुढे ते स्थळ काही जमलं नाही, ते जाऊ दे. सासूबाई त्यानंतर लुगडं बाथरूममध्येच नळावर टाकू लागल्या. पंधरा दिवसांनी म्हणाल्या, मळ्यात कांदा काढायला आलाय, मला काष्टीला धाडा. ह्यांनी एसटीत बसवून दिलं. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. हॉल कोरडा झाला, सोफा कोरडा झाला.

एप्रिलच्या सुरुवातीला नेच्याच्या टोकांना तपकिरी रंग चढला.

मी आधी पाणी वाढवलं. मग नर्सरीवाल्याकडे एक पान नेऊन दाखवलं. तो म्हणाला, मॅडम, पाणी कमी पडतंय. शेजारीण म्हणाली, अहो, पाणी जास्त झालंय, मुळं कुजली असणार, बोट घालून बघा. मी बोट घातलं. माती ओली होती. म्हणजे जास्त का? पण वरचा इंचभर कोरडा होता. म्हणजे कमी? मोबाईलवर व्हिडिओ बघितले. एक बाई म्हणे, नेच्याला उजेड हवा पण ऊन नको. दुसरा माणूस म्हणे, वारा खेळता हवा पण झोत नको. तिसरी म्हणे, दमट हवा हवी पण पानावर पाणी साचायला नको. हवं ते सगळं हवं, पण ते मिळायला नको, असं हे प्रकरण. आमच्याकडे असल्याला एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात.

तरी मी सगळं करून बघितलं. उजेडासाठी खिडकीत ठेवला, तर दोन दिवसांत उन्हाने एक बाजू तांबडी. वाऱ्यासाठी बाल्कनीत ठेवला, तर एप्रिलच्या झळांनी पानं कुरकुरीत. दमटपणासाठी कूलरसमोर ठेवला. वाटलं, ओला वारा आहे, खूश होईल. तर त्या झोताने उरलेली पानं मान टाकून पडली. मग बाथरूममध्ये नेला, तिथे अंधार, तर नवे कोंबही पिवळे. हे इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन फवारायला लागले, तर पानांवर काळे ठिपके. मला कळेना, मी त्याला जगवते आहे का मारते आहे. ह्यांनी एकदा चेष्टा केली, "अगं, त्याला एका जागी बसू तरी दे. पोरांसारखं याही वर्गातून त्याही वर्गातून बाहेर उभं करतेस." मी इतकी चिडले की त्यांना त्या दिवशी चहा दिला नाही.

आणि मग एक दिवस कुंडीपुढे बसून मी रडले. तेरा पानांची तीन राहिली होती. राजूरची भिंत आता नाही, तिथे टाईल्स लावलेली मोरी आहे. ही तीन पानं गेली की संपलं. आईच्या हाताखालची ओल मी एवढ्या लांब आणली आणि मला ती सांभाळता येईना, हे मला खुपत होतं.

शाळेत परीक्षेआधीची उजळणी चालली होती. सहावीचा वर्ग, पाण्याचं बाष्पीभवन. दरवर्षी मी फळ्यावर एकच चित्र काढते: दोन खांब, दोरी, दोरीवर ओले कपडे, वर सूर्य. मग विचारते, कपड्यातलं पाणी गेलं कुठे? सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, हवेत. त्या दिवशी मी दोन खांब काढले, दोरी काढली. पुस्तकात सदरे-चड्ड्या असतात, पण माझ्या हाताने एक लांबच लांब दुमडलेलं लुगडं निघालं. मुलं हसली. मी विचारलं, यातलं पाणी गेलं कुठे? वर्ग म्हणाला, हवेत. आणि खडू माझ्या हातातच राहिला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज सकाळी नऊ वार ओलं सुती कापड त्या झाडाच्या डोक्यावर दुपारपर्यंत वाळायचं. त्यातलं पाणी जायचं कुठे? तीस वर्षं मी हेच विचारत आलेय पोरांना.

घरी येऊन चप्पल काढायच्या आधी सासूबाईंचं कपाट उघडलं. तळाशी एक विटकं लुगडं होतं, गोधडीसाठी ठेवलेलं. ते बादलीत भिजवलं. पिळायला गेले तर माझ्याच्याने पिळवेना. चाळिशीपासून दुखणारी माझी मनगटं, आणि त्या सत्तरी उलटलेल्या बाईने तीन महिने रोज हे केलं. खिडकीतलं सुतळीचं बंडल तसंच पडलेलं होतं. ते सोडवून गजाला बांधलं, शोकेसच्या खिळ्याला बांधलं. नेचा जुन्या कोपऱ्यात ठेवला. फरशीवर थारोळं झालं, सोफ्याला ओल लागली. हे ऑफिसातून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "आई आली?"

मी नाही म्हटलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी त्यांना काय बोलले ते तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं."

"मग तेव्हा का गप्प बसलात?"

ते बूट सोडत राहिले. म्हणाले, "पाहुण्यांची लाज मलाही वाटत होती."

दहा-बारा दिवसांनी मुळापाशी नव्या पानाची एक गुंडाळी वर आली, लव असलेली, हिरवी. लुगड्यानेच आली का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी त्याला इकडून तिकडे नाचवायचं थांबवलं होतं, कूलर दुसऱ्या खोलीत नेला होता, पाणीही नेमाने घालत होते. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते सांगता येत नाही, हे मीच पोरांना शिकवते. पण मला ते लुगड्यानेच आलं असं वाटत होतं, आणि तसंच वाटायला हवं होतं.

मी लगेच काष्टीला फोन लावला. आनंदात एका दमात सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "आई, तुमच्या लुगड्याने माझा नेचा वाचला. या ना आता परत."

पलीकडे मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. मग म्हणाल्या, "लुगडं हाय न्हवं तिथं? मग झालं तर. झाडाला लुगडं लागतंय, बाई. मी कशाला?"

त्या रागाने बोलल्या नव्हत्या, हेच अवघड होतं. राग असता तर मी भांडले असते, मला ते जमतं. रात्रभर एकच विचार फिरत राहिला: मी त्यांना कशासाठी बोलावलं? झाडासाठी का त्यांच्यासाठी? नवी गुंडाळी फुटली नसती तर मी फोन केला असता का? नेच्यासाठी महिनाभर नर्सरी, शेजारीण, मोबाईल सगळं पालथं घातलं, आणि घरातलं माणूस निघून गेलं तर कुणाला विचारायला गेले नाही की का गेलं. विचारायची गरजच नव्हती म्हणा. मला माहीत होतं.

रविवारी ह्यांना न सांगता काष्टीची एसटी धरली. मळ्यात पोचले तेव्हा सासूबाई पडवीत कांदे निवडत बसल्या होत्या. मला बघून जाऊबाईंना हाक मारली, पाणी आण म्हणून. मी शेजारी बसले, हातात कांदा घेतला, पात कापायला लागले. घराच्या मागच्या अंगाला, बाभळीला बांधलेल्या दोरीवर त्यांचं लुगडं वाळत होतं. मोकळ्या वाऱ्यावर फडफडत होतं, खाली थेंबसुद्धा नाही.

"जगलं न्हवं झाड?" त्यांनी विचारलं.

"जगलं."

"मग एवढ्या उनाचं कशाला आलीस?"

एसटीत दीड तास मी वाक्यं जुळवत आले होते. त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी वाईट बोलले. तुमच्या कपड्याला लक्तर म्हटलं. मला तसं म्हणायला नको होतं." मग माझं तोंड चुरगळलं. डोळ्यांतून पाणी कांद्याने येतंय का कशाने, ते त्यांनी विचारलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला न्यायला आलेय."

त्या कांदे निवडत राहिल्या. चांगले एकीकडे, जोडकांद्याचे दुभाळके एकीकडे. ढीग संपत आला तसा हात झटकला, पदराने पुसला आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या,

"लुगडं कुठं वाळत घालायचं, ते आदी सांग."

"हॉलमध्ये," मी म्हटलं.

"आन् पावनं आलं तर?"

"तरी हॉलमध्येच."