कुत्रा सुखरूप आहे

कुठल्या पुस्तकातला कुत्रा शेवटपर्यंत जगतो आणि कुठला जगत नाही, हे अख्ख्या पुण्यात आमच्या सिस्टरांइतकं कुणालाही ठाऊक नसेल. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. सरकारी दवाखान्यात सारा जन्म गेला, नोकरी संपली, हाक तेवढी अंगाला चिकटून राहिली. कसबा पेठेतल्या आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी किशोर वाचनगट भरतो. तो खरं तर शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी, पण येणाऱ्या मुली मोजून पाच. तेव्हा ग्रंथपालांनी वयाच्या अटीकडे काणाडोळा केला आणि त्या फटीतून आम्ही दोघी आत शिरलो. पंचविशीची मी आणि सत्तरीकडे झुकलेल्या सिस्टर. मी आले कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी पुस्तक उघडलं की जोडाक्षरांपाशी माझा पाय अडकायचा, आणि किशोर कादंबऱ्यांत अक्षरं मोठी, प्रकरणं छोटी. सिस्टर का आल्या, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मोठ्यांच्या पुस्तकात माणसं उगाच मरतात गं. पोरांसाठी लिहिताना लेखकाला जरा तरी लाज असते."

पुस्तक हातात आलं की त्या आधी शेवटचं पान वाचत. उभ्या उभ्या, पिशवी खांद्यावरच ठेवून. गटाचा नियम असा, की ठरलेल्या प्रकरणापर्यंतच वाचून यायचं आणि पुढचं कुणी फोडायचं नाही. सिस्टरांचं तोंड हा नियम पाळायचं, चेहरा पाळायचा नाही. एकदा नदीत भरकटलेल्या नावेवर चर्चा चालली होती. मधेच एक मुलगी ओरडली, "गेली नाव! सिस्टरांच्या ओठांकडे बघा!" पुढच्या शनिवारी सिस्टर मास्क लावून आल्या. तर मुली भुवया वाचायला लागल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी मास्क आणि मोतिबिंदूवाल्यांचा तो मोठा काळा चष्मा. वाचनालयाच्या शिपायानं त्यांना ओळखलंच नाही, दारात अडवून सभासद कार्ड मागितलं.

पिशवीत पट्टी, कापूस, ग्लुकोजचा डबा कायम. "सिस्टर, लायब्ररीत काय होणारेय?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "कपाट पडतं." महापुराचं प्रकरण मोठ्यानं वाचून झालं त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना रांगेनं ग्लुकोजचं पाणी पाजलं. पोरी पांढऱ्या पडल्या होत्या म्हणे. सगळ्यात पांढरी मी होते, पण ते पुरामुळे नव्हतं. बोलायची पुढची पाळी माझी होती. आठ महिन्यांत त्या गटात मी एकच शब्द बोलले होते, "पास." घरून निघताना दर शनिवारी एक वाक्य पाठ करायचे आणि पाळी येईपर्यंत ते घशात वाळून जायचं. सिस्टरांनी कधी "बोल की गं" म्हटलं नाही. माझ्यापुढे नुसता पाण्याचा पेला सरकवायच्या.

याच दिवसांत मला त्या टिपा सापडल्या. सकाळी हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मी वाचत होते. जंगलात मुलीचा कुत्रा हरवला होता आणि पुढे वाचायचा मला धीर होत नव्हता. मी अशीच आहे, फोन वाजला तरी दचकते. पान उलटलं तर समासात बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं: "पुढची चार पानं वाईट आहेत. कुत्रा सुखरूप आहे. पाणी पिऊन वाचणे." मला इतकं हायसं वाटलं, की मी त्याखाली लिहून टाकलं, "थँक्यू." मग दर पुस्तकात काही ना काही निघायला लागलं. "आईचा ताप उतरतो." "वडील ओरडतात पण मारत नाहीत." आणि दर ठिकाणी खाली माझं थँक्यू. टिपा कोण लिहितं ते मला पुढे कळलं. एका दुपारी कपाटाआड सिस्टर पेन्सिलीचं टोक जिभेला लावत होत्या. मी आवाज न करता मागे फिरले.

मग ते ग्रंथपालांना कळलं. आमचे ग्रंथपाल पुस्तक तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचलतात. त्या शनिवारी त्यांनी टेबलावर पुस्तकांची चळत ठेवली आणि म्हणाले, "ही विद्वत्ता कुणाची? नाव सांगा, सभासदत्व रद्द करतो. नाव आलं नाही तर गट बंद करतो. निवड आपली."

मी सिस्टरांकडे पाहिलं. काळ्या चष्म्याच्या वर कपाळाला आठ्या पडल्या होत्या, पिशवी छातीशी धरली होती. त्या हात वर करणार होत्या. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "घरी मला विचारतात, जेवणार का. इथं विचारतात, तुम्हाला काय वाटलं." त्यांचा शनिवार गेला तर त्यांना असं कोण विचारणार होतं?

"मी," मी म्हणाले. उभीसुद्धा राहिले होते.

पाचही मुली वळून बघायला लागल्या. ग्रंथपालांनी चष्मा पुसला. "आपण? आपल्याला आवाज आहे हे आज समजलं." त्यांनी कागद पुढे केला. "लिहा. कुत्रा सुखरूप आहे."

मी लिहिलं. माझं मराठी अक्षर हिंजवडीच्या वाहतुकीसारखं आहे, थांबत, धक्के खात पुढे जातं. ग्रंथपालांनी कागद पुस्तकाशेजारी धरला. "हे ते अक्षर नव्हे." मग त्यांचं बोट एक ओळ खाली सरकलं. "हे मात्र आपलंच."

बोटाखाली माझं थँक्यू होतं.

सिस्टरांनी मास्क काढला. काळा चष्मा काढला. कागद थँक्यूशेजारी धरून पाहिला. "अगं, ती तू? मला वाटलं, आठवीतलं एखादं घाबरट पोर आहे. म्हणून तर लिहायचं थांबवलं नाही मी. पेशंट जागा असताना ड्युटी कशी सोडायची?"

"अहो सिस्टर, हे वाचनालय आहे," ग्रंथपाल म्हणाले. "वॉर्ड नव्हे."

"घाबरलेलं माणूस दोन्हीकडे सारखंच दिसतं, साहेब."

ग्रंथपालांनी पुस्तकांची चळत दोन्ही हातांनी आमच्याकडे सरकवली. मग शिक्षा सांगितली: दोघींनी बसून सगळी पुस्तकं खोडरबरानं साफ करायची, आणि यापुढे लिहायचंच असेल तर चिठ्ठीवर. आम्ही तीन शनिवार खोडत बसलो. सिस्टर आपल्या ओळी खसाखस खोडायच्या, चुरा फुंकरीनं उडवायच्या, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवायच्या. "तुझं थँक्यू तू खोड बाई. माझ्यानं नाही होत."

पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलानं हिंजवडीत घर घेतलं, अठराव्या मजल्यावर. तिथून कसब्यात यायला दोन बस. दोनदा त्या आल्या, दोन्ही वेळा गट संपून आम्ही सतरंजी गुंडाळत होतो. तेव्हापासून मीच कंपनीच्या बसमधून पुस्तक नेते. आठवड्यानं ते चिठ्ठ्या घालून परत येतं. गटात आता मी बोलते. फार नाही, दोन वाक्यं. ती फोनवर सांगितली की सिस्टर विचारतात, "आणि तुला काय वाटलं?"

परवा त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाचायचं नाही. पुस्तक त्यांनी तसंच माझ्या हातात ठेवलं, एकही चिठ्ठी न घालता. डोळ्यावर पट्टी होती, उरलेली भुवई जागच्या जागी हलत होती.

"यात एक आजी आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "शेवट बघ आणि मला फोन कर. खरं काय ते सांग हं. फोनवर मला चेहरा बघता येत नाही म्हणून काहीतरी सांगू नकोस."

परतीच्या बसमध्ये मी पुस्तक मांडीवर धरून बसले होते. शेवटचं पान आधी उघडायची माझी ही पहिलीच वेळ. मी पिशवीतून बाटली काढली आणि आधी पाणी प्यायले.