सत्तरी लागेपर्यंत

निडी स्टेशनवर उतरून बाबाजींच्या घरी पोचायला मला वीस मिनिटं लागतात. बाबाजी तेच अंतर दहा मिनिटांत कापायचे. भात काढून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे आणि शेंग धरेपर्यंत दिवसातून चारदा शेताला फेरी मारायची, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. त्यांची बायको हौसा म्हणायची, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय गो बाई. बसलेले दिसले का समजायचं, ताप आलाय."

मी मालती. त्यांच्या गावात सत्तावीस वर्षं शिक्षिका होते, आता पेणला असते. बाबाजी माझ्या प्रौढांच्या वर्गात सही शिकले. तेव्हापासून गावातला कुठलाही सरकारी कागद आधी माझ्याकडे यायचा आणि मग तलाठ्याकडे. मला त्याची घमेंड होती, नाही कशाला म्हणू? निवृत्त झाल्यावरही लोक गाडीने पेणला यायचे, पिशवीतून कागद काढायचे आणि म्हणायचे, "बाई सांगतील तसं." हे ऐकायला मला फार आवडायचं.

बाबाजींचं खरं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. नऊ-दहा वर्षांचे होईपर्यंत ते गुरं राखत होते. मग जेमतेम वर्षभर शाळेत घातलं, तेव्हा गुरुजींनी पहिलीच्या पोराला शोभेल असं वय लावलं आणि तारीख टाकली एक जून. आमच्याकडची ही जुनी रीत. मीसुद्धा शेकडो पोरांना एक जूनला जन्माला घातलंय! बाबाजींचा पाठचा भाऊ दाजी मात्र वेळेवर शाळेत गेला. त्यामुळे घरात थोरले बाबाजी आणि कागदावर थोरला दाजी. गावात यावरून त्यांची मस्करी चालायची.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीच्या सुमारास सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड सुरू झालं. श्रीमंत असो की गरीब, आधारवर सत्तर पूर्ण असली की झालं, मोठ्या आजारात पाच लाखांपर्यंतचे उपचार. मी माझं कार्ड काढलं, दाजीचं काढून दिलं आणि पंधरा दिवस ज्याला-त्याला त्याच्यावर व्याख्यान दिलं.

डिसेंबरात बाबाजी, हौसा, मुलगा गणेश आणि त्याची बायको नूतन माझ्याकडे आले. येताना वालाच्या शेंगा आणल्या होत्या. बाबाजींची डावी पोटरी चालताना भरून यायची, थांबलं की उतरायची. रोह्याच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं होतं की पायाची रक्तवाहिनी अरुंद झालीय, मोठ्या दवाखान्यात जाऊन लवकर मोकळी करून घ्या.

मी चष्मा लावला आणि आधार कार्ड पाहिलं. एक जून एकोणीसशे पंचावन्न. म्हणजे सत्तरीला अजून सहा महिने.

गणेश म्हणाला, "बाई, मी जमवतो पैसं. टेंपो चालतोय बरा. उगाच लांबवायला नको."

"अरे, सरकार देतंय ते सोडून खिसा कशाला रिकामा करतोस? जूनला कार्ड काढू, लगेच करून टाकू."

नूतन दारात उभी होती. ती हळूच बोलली, "बाई, रेशन कार्डावर पन एक योजना हाय ना? तिला वयाचं काय नसतं म्हनं."

"तुमचं कार्ड पांढरं आहे ना? टेंपो घेतला त्या वर्षी केशरी जाऊन पांढरं आलं, मीच तर फॉर्म भरला होता. पांढऱ्याला काही मिळत नाही."

एके काळी ते खरं होतं. नंतर नियम बदलला, राज्याची ती योजना सगळ्याच रेशन कार्डांना लागू झाली. ते मला ठाऊक नव्हतं. वाईट हे, की ठाऊक नाही हेही मला ठाऊक नव्हतं. पेणच्याच सरकारी दवाखान्यात जाऊन एक प्रश्न विचारला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. मी विचारलं नाही, कारण मला विचारायला लोक यायचे, मी कुणाला विचारायला जात नसे. आणि डॉक्टरांनी लिहिलेला 'लवकर' हा शब्द मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला होता.

बाबाजींनी शेताच्या फेऱ्या चारावरून एकावर आणल्या. दुखणं कमी वाटायला लागलं. फोनवर म्हणायचे, "बरा हाय, बाई. जूनची वाट बघतोय."

एप्रिलमध्ये बांधावर अंगठ्याशेजारी काटा रुतला. एवढासा काटा, पण जखम भरेना. हळद झाली, मलम झालं. हौसाला एक दिवस बोट काळं दिसलं, तेव्हा गणेशने टेंपोत गादी टाकून त्यांना पनवेलच्या एका दवाखान्यात नेलं. मी पेणहून तिथे पोचले.

योजनेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिने रेशन कार्ड मागितलं. मीच पुढे होऊन म्हटलं, "पांढरं आहे हो, आणि सत्तरीला दीड महिना कमी आहे."

"चालतं, आजी. आता सगळी कार्डं चालतात. आणि याला वय लागत नाही."

नूतन माझ्या बाजूलाच उभी होती. गणेशने माझ्याकडे बघितलं आणि कागद माझ्या हातातून काढून घेतले.

बाबाजींचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात आणलं असतं तर रक्तवाहिनी फुगा घालून मोकळी करता आली असती, बहुतेक पाय राहिला असता. ऑपरेशनला एक रुपया पडला नाही. पांढऱ्या रेशन कार्डावर झालं.

पावसाळा संपत आला तेव्हा मी धीर करून निडीला गेले. गणेश मला बघून मागच्या दाराने निघून गेला. हौसाने पाणी दिलं, 'गो बाई' म्हणाली नाही. बाबाजी पडवीत खुर्चीवर होते, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी सगळं सांगून टाकलं. नियम मला माहीत नव्हता, मी कुठे चौकशी केली नाही आणि तुम्हाला मात्र ठासून सांगितलं, माझं चुकलं.

त्यांनी पायाच्या जागी घडी घातलेल्या लेंग्यावर हात फिरवला.

"बाई, मला ठाव नाय, असं तवाच बोलला असता तर बरं झालं असतं. आमी दुसऱ्या कुनाला तरी इचारलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.