कालव्याच्या पायरीवरचा डबा

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं... आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, तीही केमिस्ट्री घेऊन. भूतखेत, राखणदार यांवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. फक्त घडलं तसं सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. माझे बाबा कुवेतला टाइल्सचं काम करायचे, नंतर फोरमन झाले. 'पुढच्या वर्षी कायमचा येतो' असं दर वर्षी सांगायचे आणि कॉन्ट्रॅक्ट वाढवायचे. आईला संशय होता – तिकडे कोणीतरी आहे. एस.वाय.ची परीक्षा झाल्यावर मला व्हिजिट व्हिसा मिळाला, तेव्हा बॅग भरताना ती एवढंच म्हणाली, "डोळे उघडे ठेव हां."

बाबा कुवेत शहराजवळ हवल्लीत एका खोलीत राहायचे. रूम पार्टनर सुट्टीवर गावी गेले होते. पहिल्याच शुक्रवारी बघितलं – बाबांनी बांगड्याचं तिखलं केलं, भात केला आणि आमचं जेवण बाजूला ठेवून एक स्टीलचा डबा वेगळा भरला.

"हा कोणाला?"

"आसा एक. खैरानाक."

'आसा एक'... एवढंच. मला आईचा संशय आठवला. पुढच्या शुक्रवारी मी म्हटलं, डबा मी भरते आणि मीही येते. बाबा थोडे घुटमळले, पण नाही म्हणाले नाहीत.

खैरान दक्षिणेला, बरंच लांब. वाळवंटात कालवे खणून समुद्राचं पाणी आत आणलंय आणि दोन्ही काठांना पांढरे बंगले. प्रत्येक बंगल्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. हिरवं नितळ पाणी, त्यात बारीक मासे, काठाला नवी लावलेली खजुराची झाडं. इतकं सुंदर की मी क्षणभर आईचं काम विसरले! उन्हाळ्यात मालक लोक परदेशी जातात, त्यामुळे सगळी गल्ली बंद होती. तिथल्या पायऱ्यांच्या टाइल्स बाबांच्याच हातच्या. शुक्रवारी ते रिकाम्या घरांवर एक नजर टाकून यायचे.

शेवटच्या बंगल्याच्या खालच्या कोरड्या पायरीवर त्यांनी डबा ठेवला आणि माझ्याकडे न बघता फेरी मारायला गेले.

मी गाडीत एसी लावून बसले. समोर डबा, मागे एकच रस्ता. कोण बाई येते ते आज बघायचंच होतं. आलं कोण? कोणीच नाही. होडी नाही, मांजरसुद्धा नाही. डबा जागचा हलला नाही, हे मी शपथेवर सांगते.

बाबा परत आले, रिकाम्या हातांनी. मी त्यांच्या आधी जाऊन डबा उचलला. हलका लागला. उघडला – आत भाताचं शीत नाही, माशाचा वास नाही. धुतलेला, ओला. तळाशी चिमूटभर साखर.

तो डबा सकाळी मी स्वतः भरला होता.

"बाबा, हे काय आहे? खरं सांगा."

"माका ठाऊक आसता तर सांगलं नसतंय?" ते पायरीवर बसले. "काम चालू होता तेव्हा उष्टो डबो हय विसारलंय. परत इलंय तर धुतलेलो, आत साखर. आपल्याकडे शेजाऱ्याचो डबो कोण रिकामो देता काय? म्हणान मी भरून दिलंय. परत साखर. आता दर खेपेक डबो माझ्याकडेच येता गो, म्हणजे भरून देवची पाळी परत माझीच. तो रिकामो ठेवन गावाक जावचा कसा?"

यासाठी माणूस घरी येत नाही? मला राग आला, आणि खरं सांगायचं तर विश्वासही बसला नाही. वाटलं, बाबांनीच काहीतरी केलं असेल. पण कसं, ते कळेना.

निघायच्या दिवशी मी तो डबा धुऊन, पुसून, गुपचूप माझ्या बॅगेत टाकला. डबाच नसला की प्रश्न मिटला!

कुडाळजवळ आमच्या घरी आईने बॅग उपसली. डबा उघडून थांबली. आत साखर होती. ओलसर.

मी सगळं सांगितलं. आईने डब्याचं झाकण लावलं. "बाईच आसा ती," ती म्हणाली. "डबो धुवन, आत साखर घालून देवचो, ह्या पुरुषाक कधी सुचता?"

मग ती उठली. खोबऱ्याच्या वड्या केल्या, डबा गच्च भरला आणि कुवेतला निघालेल्या वाडीतल्या एकाकडे दिला. बाबांना फोनवर म्हणाली, "पायरीवर ठेवा आणि तिका सांगा, डब्यासकट तुझा. परत करू नको."

बाबांनी तसं केलं. फेरी मारून आले तर पायरीवर काहीच नव्हतं. नंतरचे दोन-तीन शुक्रवारही गेले, पायरी रिकामीच.

पुढच्या गणपतीला बाबा आले ते कायमचे.

आज या गोष्टीला बरीच वर्षं झाली. बाबा तो विषय काढत नाहीत. आई मात्र कधी कधी भांडी लावताना मध्येच विचारते, "खरा सांग, दिसाक कशी होती?"

मी म्हणते, आई, तिथे कोणीच नव्हतं.

ती मान हलवते आणि रिकाम्या डब्यांत एक-एक चिमूट साखर टाकून झाकणं लावते.