ओटीत घातलेली किल्ली

आमची जुनी सोसायटी अंबरनाथ पूर्वेला, तीन मजली, बिनलिफ्टची. आम्ही तळमजल्यावर. घर आईच्या नावावर, कारण ती शाळेत नोकरीला होती आणि कर्ज तिलाच मिळालं होतं. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून वडिलांचं जग म्हणजे दारापासून फाटकापर्यंतचं अंगण. सकाळी त्यांना धरून बाहेर आणून बसवायचं. मग ते उन्हं तापेपर्यंत भाजीवाल्याशी, पेपरवाल्याशी आणि कुत्र्यांशी अर्ध्या जिभेनं भांडत. डॉक्टर म्हणाले होते, ते भांडताहेत तोवर काळजी नाही.

पुनर्विकास ठरला तेव्हा सर्वसाधारण सभेत आईनं एकच मागणी केली. नव्या इमारतीत खाली गाड्या लागणार असतील, तर तळमजल्यावरच्यांना पहिला मजला द्या. ठराव मंजूर झाला. अध्यक्ष म्हणाले, "काकू, काकांना जिना चढायला लावणार नाही, हा माझा शब्द." अध्यक्षांचे शब्द नेहमीच चांगले असत. मला काळजी वाटे ती शब्दांनंतरची.

बांधकाम चालू होतं तोवर आम्ही बदलापुरात, खरवईला भाड्यानं राहिलो. तिथंही तळमजलाच शोधला होता. वडिलांना भांडायला नवी कुत्री मिळाली.

घरं वाटायच्या दिवशी मांडव, सनई, फेटे. मध्ये गणपती आणि त्याच्यासमोर चिठ्ठ्यांचा कलश. कमिटीनं जुना ठराव परस्पर बाजूला ठेवला होता. आता म्हणे सर्वांना समान संधी. अशा सोडतीला निबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा आणि तिचं चित्रीकरण हवं, असा सरकारी नियम मी वाचला होता. प्रतिनिधी नव्हता. कॅमेरा होता, पण तो सत्कारासाठी आणलेला. चिठ्ठ्या निघत होत्या तेव्हा कॅमेरावाला बटाटेवडा खात होता.

मी विचारलं, "निबंधकांकडून कुणी आलं नाही?"

सचिव म्हणाले, "बाप्पा बसलेत समोर. अजून कोण पाहिजे तुला?"

बाप्पांनी पहिला मजला अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि अध्यक्षांचे मेव्हणे यांना वाटून दिला. इतकी पदसिद्ध कृपा मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आम्हाला नववा मजला आला.

आई उभी राहिली. "ठराव झाला होता."

"काकू, देवासमोर निघालेल्या चिठ्ठीवर शंका घेता?"

"देवावर नाही घेत. कलशावर घेते."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, लिफ्ट आहे की! काका ढगात बसतील." त्यावर लोक जास्त हसले.

किल्ल्या देण्याचा समारंभ नंतर वेगळा झाला. पुरुषांना शाल-श्रीफळ, आणि ज्या बायकांच्या नावावर घर होतं त्यांची बिल्डरच्या बायकोनं स्वतः ओटी भरली. मी आईला बजावून ठेवलं होतं की किल्ली घेऊ नकोस. तिनं किल्लीसाठी हात पुढे केलाच नाही. पण त्या बाईनं कुंकू लावलं, नारळ आणि तांदूळ पदरात घातले, आणि त्याच ओंजळीतून किल्लीही घातली. घरी आजारी नवरा असलेली बाई भरलेली ओटी झटकणार कशी? आईनं पदर आवळून धरला. फोटो निघाला.

उल्हासनगरला एका जीन्सच्या दुकानाच्या वर आमच्या सिंधी वकिलांचं ऑफिस होतं. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. निबंधकांकडे तक्रार करायची आणि सहकार न्यायालयात दावा टाकायचा. ठराव मोडला, प्रतिनिधी नाही, चित्रीकरण नाही. केस मजबूत होती. मग त्यांनी विचारलं, "कब्जा लेते टाइम हरकत लिखके दी?"

"नाही," आई म्हणाली. "ओटी भरली होती."

त्यांना ओटी समजावून सांगावी लागली. ऐकून ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. "माताजी, ये मैं कोर्ट में कैसे लिखूँ?"

सोसायटीच्या वकिलांना लिहायची अडचण पडली नाही. त्यांच्या उत्तरात होतं, 'अर्जदार यांनी सदर सदनिकेचा ताबा आनंदाने व समारंभपूर्वक स्वीकारला.' सोबत फोटो. फोटोत आईची मान खाली होती, ती आनंदाची आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

बिल्डरकडून भाडं मिळायचं थांबलं होतं, म्हणून आम्ही नवव्या मजल्यावर राहायला गेलो. लिफ्टमध्ये चाकांची खुर्ची तिरकी केली तरच मावे. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जाई, आणि जनरेटर फक्त माहितीपत्रकात होता. खाली नेलं तरी दोन गाड्यांच्या मधे बसायचं. महिन्याभरात वडील नको म्हणू लागले. गॅलरीतून खालचा भाजीवाला दिसे, पण भांडण तिथपर्यंत पोचत नसे. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. कोर्टात तारखा पडत होत्या. कधी समोरचे वकील नसत, कधी न्यायाधीश रजेवर.

वडील गेले तेही शुक्रवारीच. लिफ्ट बंद होती, चालू असती तरी तिरडी आत मावली नसती. आम्ही त्यांना जिन्यानं उतरवलं. प्रत्येक वळणावर थांबून, तिरपं करून, एकमेकांना "सांभाळ, सांभाळ" म्हणत. पहिल्या मजल्यावर अध्यक्षांचं दार उघडं होतं. ते पुढे आले आणि त्यांनी खांदा दिला. मी नाही म्हणालो नाही. तेवढाच एक जिना उरला होता.

दिवस झाल्यावर अध्यक्ष घरी आले. अख्खी सोडतच रद्द होईल अशी भीती त्यांच्या वकिलांनी घातली असावी. "काकू, मेव्हण्याला वरचीच हवा आवडते. तुम्ही त्याचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घ्या, त्याला तुमचा द्या. केस तेवढी मागे घ्या."

आमचे वकील फोनवर म्हणाले, "ले लो. इससे ज्यादा कोर्ट भी नहीं देगा."

मी आईला तो फ्लॅट दाखवायला नेलं. रिकामाच होता. ती खिडकीशी गेली. खालून कुणीतरी रिक्षावाल्याशी घासाघीस करत होतं, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली.

"घेऊया का?" मी विचारलं.

"नको रे. इथं सगळं ऐकू येतं."

लिफ्टशी आल्यावर ती म्हणाली, "केस मात्र मागे घ्यायची नाही. पुढच्या तारखेला मलाही ने."

मी म्हटलं, आता मिळवायचं काय आहे त्यातून? तिनं लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली आणि आम्ही वर गेलो.