सहाव्या बाटलीतलं पाणी

या पेजवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना वाचायचे आणि हसून पुढे जायचे. पाण्यातले विषारी धातू मोजणं हे माझं काम. मशीन दाखवेल तो आकडा खरा, बाकी मनाचे खेळ... असं मानणारी मी. आज लिहितेय, कारण हे पोटात ठेवणं आता झेपत नाही.

मी मूळची कराडची, पीएच.डी.साठी तंजावूरला असते. ओरत्तनाडूच्या रस्त्यावर एका गावात मोठं तळं आहे (गावाचं नाव देत नाही). वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारं एक वर्कशॉप. तिथलं क्रोमियम तळ्यात उतरतं का, हे मी तपासत होते. दर मंगळवारी सकाळी पाच ठिकाणचं पाणी, पाच बाटल्या. सोबत आमच्या लॅबचे जुने अटेंडंट, सुंदरराव काका. राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे तंजावूरचे मराठी. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही. लॅबमधले बाकीचे सगळे तमिळ. माझ्या बाटल्या कुणाच्या बाटल्यांत मिसळू नयेत म्हणून मी लेबलं मराठीत लिहायचे.

त्या मंगळवारी दुपारी लॅबमध्ये आइसबॉक्स उघडला, तर आत सहा बाटल्या.

"काका, ही सहावी कुठून आली?"

"पाचच की अम्मा. मीच मोजून ठेवल्या."

सहावीतलं पाणी पिवळसर होतं. लेबलवर माझंच अक्षर — 'मोठी पायरी, सकाळी १०.४०'. आणि तारीख... पुढच्या मंगळवारची.

लिहिताना चुकले असेन, असं स्वतःला समजावलं. पाच नमुने नेहमीसारखेच आले. सहावा मशीनच्या रेंजबाहेर गेला. पातळ करून पुन्हा लावला, तरी बाहेर! मोठ्या पायरीवर बायका धुणं धुतात, मुलांना आंघोळ घालतात.

गाईडना काय सांगणार होते? काकांना मात्र लेबल वाचून दाखवलं. ते दोन पावलं मागे सरले.

"ओतून टाकू का?" मी विचारलं.

"होणा, होणा!" नको म्हणायचं असलं की काका असंच म्हणतात. "आधी येऊन सांगितलं ना त्या पाण्यानं? मग त्या लोकांना सांगायला पाहिजे."

"काय सांगणार, काका? कोण विश्वास ठेवेल?"

"पायरीजवळ साप आहे म्हणतो मी."

पुढच्या मंगळवारी दहाच्या सुमारास आम्ही पोचलो. पायरीवर सेल्वी होती — तळ्यालगतच राहणारी, कडेवर तीनेक वर्षांची लेक, हातात कपड्यांची बादली. काकांनी तमिळमध्ये सापाचं सांगितलं. ती हसली. "तळ्यात साप नसेल तर कुठे असेल?" म्हणत तिने पाण्याकडे पाय टाकला, आणि काकांनी तिचा दंडच धरला. एवढा मर्यादेने वागणारा माणूस! सेल्वी भडकली, ओरडायला लागली. बायका धावत आल्या. मी घड्याळात पाहिलं. दहा अडतीस.

तेवढ्यात वर्कशॉपकडून तळ्यात उतरणाऱ्या मोरीतून घळघळ आवाज आला. पिवळ्या पाण्याचा एक पट्टा पायरीच्या दिशेने सरकत आला. नाकाला झोंबणारा वास. पायरीपाशी बारके मासे उलटे तरंगू लागले. सेल्वीचं ओरडणं अर्ध्यात थांबलं. लेकीला छातीशी धरून ती पळत वर गेली.

माझ्या पिशवीत रिकामी बाटली होती. खरं तर मी तेव्हाच खाली उतरायला हवं होतं. पण मी वरच उभी राहिले. मी ती बाटली भरलीच नाही, तर हे सगळं खोटं ठरेल — असं काहीतरी वेडं डोक्यात होतं. मी पाण्याला बोटसुद्धा लावलं नाही. काका साक्षीला आहेत.

प्रदूषण मंडळाचे अधिकारी दोन दिवसांनी आले, तोवर पाणी मिसळून गेलं होतं. "त्या वेळचं सॅम्पल आहे?" त्यांनी विचारलं. होतं... ती सहावी बाटली, लॅबच्या फ्रीजमध्ये, बरोबर तारीख-वेळेसह. पण मशीनचा प्रिंटआउट आठवडाभर आधीचा! मलाच खोटारडी ठरवलं असतं. मी "नाही" म्हणाले. काकांनी मान खाली घातली. वर्कशॉप थोडे दिवस बंद राहून पुन्हा सुरू झालं. सेल्वी आता लेकीला तिथे नेत नाही, एवढंच काय ते पदरात पडलं. त्या 'नाही'ची लाज अजून वाटते.

पण भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. पिवळं पाणी आलं त्या मंगळवारी तळ्यावरून परतताना, बसमध्येच, माझा उजवा हात मनगटापर्यंत जळजळायला लागला. संध्याकाळी कातडी लाल होऊन सोलवटली. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिला आणि रागावून विचारलं, "ग्लव्ह्ज न घालता कुठल्या केमिकलमध्ये हात बुडवलात?"

लेबलवर अक्षर माझंच होतं, पण ती बाटली मी भरलीच नव्हती.