तव्यावरनं ताटात

बयाक्का माझी थोरली बहीण. मंगळवार पेठेतल्या एका खानावळीत तिनं उभं आयुष्य भाकरी थापली. आता उजवं मनगट गेलं. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, परातीला हात लावायचा नाही. तेव्हापासून घरात चपात्या होतात, नाहीतर बाहेरून बांधून आणलेली भाकरी.

भाकरी थापणारीला गरम भाकरी मिळत नाही. काम तसं आहे. तवा सोडून ती जेवायला बसली की पुढची करपते. म्हणून ती सगळ्यांच्या मागून जेवते आणि टोपलीच्या तळाची खाते. अक्कानं घरी तेच केलं, खानावळीत तेच. गरम खाल्ली ती लहानपणी, शाहूवाडीकडं, आईच्या चुलीपुढं. तीही थोडीच वर्षं. मग आई भातलावणीला जायला लागली आणि चुलीपुढं अक्का बसली. तिच्या हातची गरम भाकरी मी खाल्ली.

तिचा मुलगा सयाजी गाड्यांच्या शोरूममध्ये आहे. एका रविवारी सकाळी म्हणाला, "आई, आज भाईर जेवूया. तू म्हणशील तिथं."

"भाकरी तव्यावरनं ताटात येती तिथं," अक्का म्हणाली.

सून अनुजानं मोबाईलवर फोटो दाखवले. "आत्ती, हे बघा. एसी हाय. बसायला सोफं हाईत."

"सोफं काय रश्श्यात बुडवून खाऊ?"

सयाजीनं हायवेवरच्या हॉटेलाचं नाव काढलं. बाग, कारंजं, दिवे. मी तिथं एकदा जेवलो होतो. भाकऱ्या दुपारीच थापून डब्यात भरलेल्या, रात्री वातड. तसं सांगितलं.

"मामा, तुमाला कायबी आवडत न्हाई," सयाजी वैतागला.

मी फौंड्रीत साचे भरले आहेत. वाळू ठासताना कुचराई केली की ओतलेलं लोखंड वाया जातं. कुणी कुठं अंग राखलं ते मला दिसतं. बहुतेक हॉटेलांत मेहनत दिव्यांवर घेतलेली असते, तव्यावर नसते. म्हणून मी सहसा बाहेर जेवत नाही. पण त्या दुपारी सायकल काढली आणि गावात फिरून नुसते तवे बघून आलो. रंकाळ्याच्या मागं एक साधी खानावळ सापडली. तवा गिऱ्हाइकांच्या समोर, आणि एक बाई लागेल तशी भाकरी थापत होती.

संध्याकाळी चौघं तिथं गेलो. तांबडा रस्सा आला, पांढरा आला. पहिली भाकरी फुगलेलीच आली. अक्कानं ती उचलून माझ्या ताटात टाकली.

"खा हंबीर, गार व्हईल."

दुसरी सयाजीला दिली, तिसरी अनुजाला. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. चौथी आली तेव्हा मी माझं ताट मागं ओढलं.

"आता कुणाला देणार? खा की."

"मला गारची सवय हाय, बाबा."

"मग आलीस कशाला हितं?"

ती हसली. भाकरी मोडली. वाफेनं चष्मा धुरकटला, तो पुसला नाही. पहिला घास नुसताच खाल्ला, रश्श्याशिवाय.

"कशी हाय?" मी विचारलं.

"बाईचा हात चांगला हाय. मधी न् कडंला सारखीच पातळ."

एवढं चांगलं तिनं दुसरीच्या भाकरीला म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

वाढणारा पोरगा आला. "मावशी, आणखी एक आणू काय?"

"इचारतोस कशाला? आणून टाकायची."

"आणली आन् तुमी नको म्हटलं, तर मालक मलाच थापंल की!"

आम्ही हसलो. अक्काही हसली. "आमची आई इचारायची न्हाई," ती त्याला सांगायला लागली. "नको म्हटलं तरी टाकायची..." तोवर तो पलीकडच्या टेबलाकडं गेला होता.

उरलेली भाकरी तिनं सावकाश संपवली. ताटात दुसरी कुणी आणून टाकली नाही. सयाजी म्हणाला, "पुढच्या रविवारी परत यायचं?"

"येऊया की," ती म्हणाली.

आम्ही तिघं हात धुऊन आलो. अक्का तशीच बसली होती. ताट रिकामं, बोटांवरचा रस्सा वाळत आलेला, नजर तव्याकडं.

"चल अक्का, हात धू."

"बसूया की वाईच," ती म्हणाली.