उमरठचा तांब्या

वाईहून निघताना देवापुढे एकच मागणे मांडले: आज जिभेस आवर असावा. पोलादपूर तालुक्यातील उमरठ गावी सहा कोचांची बैठक होती. कोच म्हणजे प्रश्न विचारून दुसऱ्यास त्याचा मार्ग शोधू देणारा व्यावसायिक. असे कोच स्वतःचे कामही परस्परांपुढे मांडून तपासतात. त्यास समूह-पर्यवेक्षण म्हणतात. ते मी व महाडच्या मीनलताई मिळून चालवतो. मी मूळचा प्रवचनकार; मागील खेपेस पाऊण तास उपदेश केला, आणि इतरांचे प्रश्न मनातच राहिले.

आंबेनळी घाटात दगड कोसळून रस्ता अडला होता. जीपवाला निवांत. "बसा गुरुजी, घाय नाय (घाई नाही). दगड कुठं पळून जातोय?"

उमरठला नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले वाढता वाढता मीनलताईंनी अट घातली, "तुम्ही उपदेशाला लागलात की मी तांब्या सरकवीन. तुम्ही पाणी प्यायचं."

बैठकीत दासगावचे रमेश प्रथम बोलले. "मी हे काम सोडतोय. तेवढं सांगायलाच आलो. माझ्याकडं येणारा माणूस तीन महिने हाय तिथंच हाय. किती उपाय सांगितले त्याला."

माझ्या ओठांवर सुभाषित आले. तांब्या सरकला. मी प्यालो.

"रमेशदादा, तू सांगतोस तेव्हा तो काय करतो?" शेजारच्या सुलभाताईंनी विचारले.

"मान हलवतो."

"ती तर बैल पण हलवतो."

सगळे हसले. रमेशही हसले. माझी जीभ पुन्हा वळवळली, पुन्हा तांब्या. तिसऱ्या वेळी मीच हात पुढे केला. बाहेर कोणी भात झोडपत होते, तेवढाच आवाज.

"त्याला काय करायचंय, ते मी कधी विचारलंच नाय," रमेश सावकाश म्हणाले. "मंगळवारी येणार हाय तो. विचारतो. सोडायचं मग बघू."

मी एवढेच विचारले, "आणि त्याने उत्तराला वेळ लावला तर?"

रमेशांनी तांब्या स्वतःकडे ओढला. "पाणी पिईन."

परतताना घाट मोकळा होता. "भाषण कसं झालं?" जीपवाल्याने विचारले.

"एक वाक्य बोललो."

"एवढ्या लांब येऊन?"

"होय," मी म्हणालो, आणि तसा अभिमान मला कोणत्याही प्रवचनानंतर वाटला नव्हता.

मंगळवारी सायंकाळी रमेशांचा निरोप आला: तो माणूस तासभर स्वतःच बोलला, पुढील बैठकीस मी येतोय.

सुभाषित मात्र तसेच ओठांवर राहिले होते. बुधवारी पहाटे ते देवापुढे म्हटले. ऐकणारा एकच होता, आणि त्यास उपदेशाची गरज नव्हती.